विकलेली माणसे आणि तोडलेले हात : दख्खनच्या इतिहासातील दोन विस्मृत प्रकरणे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज येथे जमलो आहोत, त्यांचे एक देणे माझ्याकडे राहून गेले आहे. आजचे व्याख्यान हा ते फेडण्याचा प्रयत्न आहे, म्हणून आरंभी त्याची हकीकत सांगतो.

मी लहान असताना गुरुजींनी आम्हा मुलांना बीदर दाखवावयास नेले होते. किल्ला पाहिला, महमूद गावानचा मदरसा पाहिला, अष्टूर येथील बहमनी सुलतानांचे मकबरे पाहिले. परतताना शहराच्या बाहेर पठाराच्या कडेला काही जुन्या कबरी दिसल्या. त्या जागेस 'हबशी कोट' म्हणतात, असे गुरुजींनी सांगितले. आमच्यापैकी एकाने विचारले, "गुरुजी, हबशी म्हणजे कोण?" गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आफ्रिकेतून आलेले लोक, एवढे मला ठाऊक आहे. ते येथे का आले, कसे राहिले, हे मला पुरते माहीत नाही. तुमच्यापैकी कोणी मोठेपणी शोधून काढले, तर मला येऊन सांगा." शिक्षकाने विद्यार्थ्यांपुढे 'मला माहीत नाही' असे म्हणणे त्या काळी दुर्मीळ होते, आजही ते फारसे सुलभ झालेले नाही. पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो, संशोधन केले, पदवी मिळवली. परंतु गुरुजींना ते उत्तर नेऊन देणे घडले नाही. ते गेले आणि प्रश्न तसाच राहिला.

मी व्यवसायाने इतिहासकार नव्हे, याची मला जाणीव आहे. तथापि साहित्याच्या अभ्यासकाला एक सवय लागलेली असते. वाक्यात कर्ता कोण आणि कर्म कोण, हे तो आधी पाहतो. इतिहासाच्या पानांवर ज्यांचा उल्लेख नेहमी कर्म म्हणूनच येतो, ज्यांना विकले, ज्यांना नेले, ज्यांचे हात तोडले, अशा माणसांविषयी आज बोलावयाचे आहे. या विषयाचे दोन भाग आहेत. पहिला, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी आपल्या या दख्खनमध्ये गुलामगिरीला दिलेली उत्तरे. दुसरा, युद्धात ज्यांचे अवयव तोडले गेले त्यांची कथा. वरवर पाहता हे दोन विषय परस्परांपासून दूर भासतील. पण दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आणि तो म्हणजे माणसाच्या शरीरावर मालकी कोणाची?

बीदरचे हबशी

आपले कोहिनूर ज्या भूमीत वसले आहे, तिच्या एका अंगास गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी आहे, तर दुसऱ्या अंगास बीदर. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झाले, गुलबर्गा त्याची राजधानी झाली आणि पुढील शतकात अहमदशहा वलीने ती बीदरला नेली. या दोन राजधान्यांच्या वैभवाविषयी आपण पुष्कळ ऐकतो. परंतु ते वैभव ज्यांच्या मनगटांवर उभे होते त्यांत हबश देशातून, म्हणजे आजच्या इथिओपिया व त्याच्या आसपासच्या प्रदेशातून आणलेल्या माणसांचा मोठा वाटा होता, हे सहसा सांगितले जात नाही. 'हबशी' हा शब्द त्या देशाच्या अरबी नावावरून आला. 'सिद्दी' हा दुसरा शब्द 'सय्यिदी' म्हणजे 'माझे स्वामी' या आदरार्थी अरबी संबोधनाशी जोडला जातो. ज्याला विकत घेतले त्याच्या वंशजांनाच पुढे धनीपणाचे संबोधन चिकटावे, ही भाषेची मोठी विलक्षण गंमत होय.

तांबड्या समुद्राच्या काठावरील बंदरांतून गुलामांनी भरलेली गलबते निघत आणि दाभोळ, चौल, गोवा अशा बंदरांना लागत. घोडे, वस्त्रे, मसाले यांच्या व्यापाराबरोबर माणसांचाही व्यापार चाले. सुलतानांना हे गुलाम हवे असत, याचे कारण निव्वळ त्यांचे शारीरिक बळ हे नव्हते. ज्याला येथे भाऊबंद नाहीत, जहागीर नाही, गाव नाही, तो माणूस केवळ धन्याशीच निष्ठा ठेवील, असा त्यामागे हिशेब होता. म्हणजे माणसाला प्रथम त्याच्या मुळांपासून तोडावयाचे आणि मग त्या तुटलेपणाचाच उपयोग करून घ्यावयाचा. अवयव तोडण्याच्याही आधीचा हा छेद होय. शिवाय जनानखान्याच्या सेवेसाठी कित्येक मुलांना बालवयातच खोजे केले जाई. हाही अंगच्छेदच, आणि युद्धाविना केलेला.

महमूद गावानच्या वधाची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. १४८१ च्या एप्रिल महिन्यात, त्याच्या नावाच्या बनावट पत्राच्या आधारे सुलतान मुहम्मदशहा तिसरा याने आपल्या या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. या कथेत दोन हात आहेत. गावानची मोहोर ज्याच्या ताब्यात होती त्या गुलामाला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेण्यात आला. आणि सुलतानाच्या आज्ञेने ज्याने तलवार चालविली तो जौहर हाही हबशी गुलाम होता. कारस्थान सरदारांचे, हुकूम सुलतानाचा आणि हात मात्र गुलामाचे. इतिहासाने दोष वाटताना हे हातही गुन्हेगारांत धरले. पण ज्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकारच नाही, त्याच्या 'होय' चे मोल काय, हा प्रश्न आपण विचारावयास हवा.

पुढे हेच हबशी दख्खनी सरदारांच्या बाजूने राजकारणात उतरले. १४८७ साली बीदरच्या किल्ल्यात महमूदशहा बहमनीविरुद्ध दख्खनी आणि हबशी यांनी उठाव केला. तो फसला आणि त्यानंतर त्यांची मोठी कत्तल झाली. गुलबर्ग्याचा कारभार पाहणारा दस्तुर दिनार हा हबशी सरदार १४९० नंतरच्या दशकात बंड करून उठला, पराभूत झाला, त्याला माफी मिळाली आणि अखेर १५०४ च्या सुमारास यूसुफ आदिलशहाशी झालेल्या संघर्षात तो मारला गेला. ही बंडे गुलामगिरी नष्ट करण्यासाठी झाली असे मी म्हणणार नाही. ती सत्तेसाठी होती. तरीही एक गोष्ट त्यांतून सिद्ध होते. ज्याला मुळे नाहीत असे समजून विकत घेतले होते, त्या माणसाने या मातीत मुळे धरली, मित्र जोडले आणि आपले हात स्वतःच्या इच्छेने वापरण्याचा हक्क सांगितला.

मलिक अंबर : उत्तर आणि त्याची मर्यादा

या परंपरेतील सर्वांत थोर पुरुष म्हणजे मलिक अंबर. त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. बालपणीच तो विकला गेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गेला, बगदादच्या व्यापाऱ्याकडे शिकला आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी पडला. हा चंगीझखान स्वतः हबशी आणि एके काळचा गुलाम होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला, काही काळ विजापूरच्या चाकरीत राहिला आणि पुढे स्वतःचे पथक उभारून निजामशाहीत परतला.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेला. राज्य बुडाले असे सर्वांना वाटले. तेव्हा अंबराने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला परांड्यास गादीवर बसविले आणि पाव शतकभर मोगलांना दख्खनमध्ये स्वस्थ बसू दिले नाही. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाचे मोल त्याने ओळखले. मोगलांची रसद तोडणे, डोंगराळ मुलखात त्यांना खेळविणे आणि समोरासमोरची लढाई टाळणे हे तंत्र त्याने पद्धतशीरपणे वापरले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. खडकी हे गाव त्याने वसविले, ते आजचे छत्रपती संभाजीनगर. तेथील नहर आणि त्याची जमीन-महसुलाची व्यवस्था हे त्याच्या बुद्धिमत्तेचे दाखले होत.

बादशहा जहांगीर आपल्या आत्मवृत्तात अंबराविषयी शिवीगाळीवाचून क्वचितच लिहितो. अबुल हसन या त्याच्या चित्रकाराने एक प्रसिद्ध चित्र काढले आहे. त्यात बादशहा भाल्याच्या टोकावर ठेवलेल्या अंबराच्या तोडलेल्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. वास्तवात ते मस्तक जहांगिराच्या हाती कधीच लागले नाही. १६२६ साली अंबर वृद्धापकाळाने वारला आणि खुलताबाद येथे त्याला दफन करण्यात आले. जे रणांगणात साधले नाही, ते बादशहाने कागदावर रंगवून घेतले. पराक्रमी शत्रूला जिंकता येत नसेल, तर निदान चित्रात तरी त्याचा अंगच्छेद करावा, या मानसिकतेचा हा बोलका पुरावा होय.

श्रोतेहो, येथे मात्र आपण थांबून विचार केला पाहिजे. अंबराची कथा सांगून झाली की 'पाहा, आपल्याकडची गुलामगिरी किती सौम्य होती! येथे गुलाम वजीर होत असे,' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. एक चापू मलिक अंबर झाला, म्हणून त्याच्याबरोबर त्याच गलबतात असलेल्या शेकडो मुलांचे काय झाले हा प्रश्न मिटत नाही. त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. वर चढलेल्यांचेही स्थान किती डळमळीत होते, ते विजापुरात दिसते. १५८० नंतरच्या दशकात इखलासखान हबशी तेथे सर्वाधिकारी झाला. दुसरा हबशी सरदार दिलावरखान याने त्याला पदच्युत करून त्याचे डोळे काढले. काही वर्षांनी इब्राहीम आदिलशहाने त्याच दिलावरखानाचे डोळे काढून त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात डांबले. आणि खुद्द अंबराच्या फौजेतही खरेदी केलेले हबशी मोठ्या संख्येने होते. स्वतः मुक्त झालेला माणूस इतरांना विकत घेत होता. अंबराविषयी मला नितांत आदर आहे. म्हणूनच ही मर्यादा झाकून ठेवावी असे मला वाटत नाही. एका गुलामाची मुक्ती वेगळी आणि गुलामगिरीचा अंत वेगळा.

या दृष्टीने शिवछत्रपतींच्या एका कागदाचे महत्त्व फार मोठे आहे. १६७७ साली दक्षिण दिग्विजयाच्या काळात डच व्यापाऱ्यांना दिलेल्या कौलात त्यांनी त्या प्रदेशात स्त्रीपुरुषांना गुलाम म्हणून विकत घेण्यास व बाहेर नेण्यास स्पष्ट मनाई केली. पूर्वीच्या अमलात हे चालत असे, आता आमच्या राज्यात चालणार नाही, असा त्याचा आशय आहे. मात्र पुढे पेशवाईत कुणबिणी आणि बटक्या ठेवण्याची चाल आपल्याच समाजात होती, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. इंग्रजी अमलातील प्रदेशात गुलामगिरीचा कायदेशीर आधार काढून घेणारा कायदा १८४३ साली झाला.

अरण्याची वाट

तलवारीने दिलेले उत्तर ग्रंथांत नोंदले जाते. पायांनी दिलेले उत्तर नोंदले जात नाही. आपल्या कर्नाटकातच या दुसऱ्या उत्तराची जिवंत साक्ष आहे. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांनी मोझांबिक आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम आणून तेथे विकले. त्यांतील अनेकांनी छळाला कंटाळून पळ काढला, घाट ओलांडला आणि आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड या भागांतील अरण्यांचा आश्रय घेतला. त्यांचे वंशज असलेले सिद्दी लोक आजही तेथे राहतात. कोणी हिंदू, कोणी ख्रिस्ती, कोणी मुसलमान, पण परस्परांशी नाते जपणारे. कोकणी, कन्नड आणि मराठी त्यांच्या तोंडी असतात. दमामी हे त्यांचे वाद्य आणि त्यावरील नृत्य प्रसिद्ध आहे. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले आणि २०२० साली शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधान परिषदेचे सदस्य झाले. पळून गेलेल्या माणसांच्या वंशजास कायदे करणाऱ्या सभागृहात बसावयास कित्येक पिढ्या लागल्या.

त्याच पोर्तुगीज साम्राज्यात, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला ब्राझीलमध्येही असेच घडत होते. उसाच्या मळ्यांतून पळालेल्या आफ्रिकी गुलामांनी पाल्मारेस येथे आपली वसाहत उभारून ती अनेक दशके राखली. १६९५ साली त्यांचा नेता झुंबी मारला गेला आणि त्याचे शिर लोकांच्या पाहण्यासाठी टांगण्यात आले. फ्रेंचांनी १६८५ साली आपल्या वसाहतींतील गुलामांसाठी जो कायदा केला, त्यात पळालेल्या गुलामाचे पहिल्या वेळी कान कापावे, दुसऱ्या वेळी गुडघ्यामागची शीर तोडावी आणि तिसऱ्या वेळी प्राण घ्यावा, असे नमूद होते. पळून जाणे हा सत्ताधीशांना किती मोठा अपराध वाटे, हे यावरून कळते. कारण पळणारा माणूस एकच गोष्ट सिद्ध करीत असतो, ती ही की हे पाय माझे आहेत. याच फ्रेंचांच्या हैती बेटावर माकांदाल नावाचा एक गुलाम होता. साखरेच्या चरकात सापडून त्याचा हात गेला असे सांगतात. तो डोंगरात पळाला, त्याने इतरांना संघटित केले आणि १७५८ साली त्याला जिवंत जाळण्यात आले. पुढे १७९१ साली त्याच बेटावर गुलामांनी उठाव केला आणि १८०४ साली स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले.

आपल्या महाराष्ट्राचाही या कथेशी एक हृद्य धागा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडीत असे. त्यांतून सोडविलेल्या काही आफ्रिकी मुलांना नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनच्या आश्रमात ठेवून शिक्षण आणि कसब शिकविले जाई. १८७३ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रवासी आफ्रिकेच्या अंतर्भागात मरण पावला, तेव्हा त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेले तरुण होते. त्यांतील जेकब वेनराइट शवपेटीबरोबर लंडनला गेला आणि १८७४ साली तेथील अंत्यविधीस उपस्थित राहिला. गोदातीरी शिकलेल्यांपैकी अनेक जण पुढे मोंबासाजवळ मुक्त गुलामांच्या वसाहतीत परतले.

कावसजीचे नाक आणि हात

आता विषयाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. गुलामगिरी जे कायद्याने करते, ते युद्ध शस्त्राने करते. समोरच्या माणसाचे शरीर हे आपल्या सत्तेची पाटी आहे असे दोहोंनाही वाटते.

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एका मराठी माणसाचे चित्र आणि हकीकत छापून आली. त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. नावावरून तो पारशी असावा असे पुष्कळांस वाटते, परंतु मूळ हकीकतीत तो मराठा, शेतकरी जातीचा असल्याचे म्हटले आहे. टिपू सुलतानाशी झालेल्या तिसऱ्या म्हैसूर युद्धात तो इंग्रजांच्या लष्करात बैल हाकण्याच्या कामावर होता. बैलांवाचून तोफा हलत नसत आणि धान्यही पोहोचत नसे. १७९२ च्या सुमारास तो टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले.

यावरून एखाद्या राजास किंवा एखाद्या धर्मास दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण इतिहास तसे करू देत नाही. नाक कापण्याची चाल त्या प्रदेशात फार जुनी होती. सतराव्या शतकाच्या मध्यास म्हैसूर आणि मदुराई येथील हिंदू राजांमध्ये जी लढाई झाली, तिला 'नाकांची लढाई' असेच नाव पडले आहे. शत्रूला ठार न करता विद्रूप करून परत पाठवावयाचे, म्हणजे तो जन्मभर आपल्या सामर्थ्याची जाहिरात करीत फिरेल, हा त्यातील हेतू. मराठीत 'नाक कापणे' या शब्दप्रयोगाचा अर्थ अब्रू घेणे असा का आहे, हे यावरून ध्यानात येईल. आणि ज्याचे नाक गेले तो कोण? राजा नव्हे, सेनापती नव्हे, पोटासाठी परक्याच्या लष्करात बैल हाकणारा एक कुणबी.

या कथेचा उत्तरार्ध पुण्याजवळ घडला. सुमारे वर्षभर कावसजी नाकाविना राहिला. नंतर पुण्याजवळच्या एका वीट भाजणाऱ्या कारागिराने, म्हणजे आपल्या कुंभारवर्गातील माणसाने त्याला नवे नाक करून दिले. मुंबईचे दोन इंग्रज शल्यवैद्य हे पाहावयास होते. त्या कारागिराने मेणाचे पातळ नाक घडविले, ते उलगडून कपाळावर ठेवले, त्याभोवती रेघ काढली आणि तेवढी कातडी सोडवून, दोन डोळ्यांमधला चिंचोळा भाग जोडलेला ठेवून, ती खाली वळवून नाकाच्या जागी बसविली. कडा जुळविण्यासाठी त्याने पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या वापरल्या. सुमारे पंचवीस दिवसांनी वरचा जोड कापला. सुश्रुतसंहितेत नाक घडविण्याची विद्या सांगितली आहे. ती पोथीतून ग्रंथपंडितांनी नव्हे, तर बोटांतून कारागिरांनी जपली होती. ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्पू या शल्यवैद्याने पुष्कळ अभ्यास केला आणि १८१४ साली तशी शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली. युरोपातील आधुनिक सुघटनशल्याचा प्रारंभ येथून मानतात.

कावसजीचे नाव आज वैद्यकाच्या ग्रंथांत आहे, पण त्याचे नाक घडविणाऱ्या कुंभाराचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. आणि आणखी एक गोष्ट या गौरवकथेत विसरली जाते. कावसजीला नाक मिळाले, हात मात्र परत आला नाही. कंपनीच्या निवृत्तिवेतनावर तो एका हाताने जगला. ज्याचे पोट हातांवर होते त्याला नाकापेक्षा हाताची उणीव अधिक जाणवली असेल, असे मला नेहमी वाटते.

आफ्रिकेतील हात

हे सारे जुन्या काळाचे क्रौर्य होते असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नाही. १८८५ ते १९०८ या काळात बेल्जमचा राजा लिओपोल्ड याने कांगो हा विशाल प्रदेश स्वतःची खाजगी मालमत्ता म्हणून भोगला. रबर गोळा करण्याची सक्ती होती. सैनिकांना काडतुसांचा हिशेब द्यावा लागे. काडतूस वाया गेले नाही हे दाखविण्यासाठी मेलेल्याचा, आणि पुष्कळदा जिवंत माणसाचाही हात कापून आणला जाई. नसाला नावाचा एक बाप आपल्या चिमुकल्या मुलीचा तोडलेला हात आणि पाय यांकडे पाहत बसला आहे, असे एक छायाचित्र ॲलिस हॅरिस या मिशनरी बाईंनी १९०४ साली घेतले. त्यासारख्या पुराव्यांनी जगाचे मत ढवळून निघाले आणि राजाला तो प्रदेश सोडावा लागला.

त्याहून जवळचे उदाहरण सिएरा लिओनचे. याच भूमीतील सेंगबे पिए या मेंडे तरुणाने १८३९ साली 'आमिस्ताद' नावाच्या जहाजावर गुलामांचा उठाव केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४१ साली त्यांना मुक्त ठरविले आणि ते मायदेशी परतले. गुलामगिरीला इतके तेजस्वी उत्तर देणाऱ्या या भूमीतच १९९१ ते २००२ या काळात यादवी युद्ध झाले. १९९६ च्या निवडणुकीत 'तुमचे भवितव्य तुमच्या हातांत आहे' अशा अर्थाचे आवाहन करण्यात आले होते. बंडखोरांनी त्याचे उत्तर म्हणून लोकांचे हातच तोडले. हात नसेल तर मत कशाने देणार? आपण मतदानाच्या दिवशी बोटावरची शाई सहज दाखवितो. त्या शाईमागे बोट असावे लागते, याचे स्मरण ठेवावे.

या युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत आपले भारतीय जवान होते. कैलाहून येथे अडीच महिने वेढ्यात अडकलेल्या दोनशेहून अधिक जवानांची जुलै २००० मध्ये 'ऑपरेशन खुकरी' या मोहिमेने सुटका करण्यात आली. एके काळी आफ्रिकेतील माणसे विकत आणून आपल्या सुलतानांनी आपली राज्ये राखली. आणि विसावे शतक संपताना आपल्या देशातील जवान आफ्रिकेतील माणसांच्या रक्षणासाठी तेथे उभे राहिले.

गुरुजींना उत्तर

समारोपाकडे येतो. तोडणाऱ्यांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला. जोडणाऱ्यांचाही एक इतिहास आहे आणि तो बहुतांशी कारागिरांचा आहे. पुण्याच्या त्या कुंभारानंतर दीडशे वर्षांनी, १९४४ साली, दुसऱ्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांसाठी पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. १९६८ च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा या अल्पशिक्षित कारागिराच्या कल्पकतेतून आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या वैद्यकीय ज्ञानातून 'जयपूर फूट' हा स्वस्त कृत्रिम पाय साकारला. तो पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत गेला. हबशी कोटाच्या कबरींपासून निघालेली वाट अशी उलट दिशेने जाते, हे मला फार समाधानाचे वाटते.

आपण बसवकल्याणच्या परिसरातील माणसे आहोत. बाराव्या शतकात येथेच शरणांनी हाताच्या कष्टाला, कायकाला, ईश्वरपूजेची प्रतिष्ठा दिली. चांभार आणि ब्राह्मण यांच्या मुलांचा विवाह घडविल्याबद्दल हरळय्या आणि मधुवय्या यांना देहदंड झाला, असे परंपरा सांगते. म्हणजे हात पवित्र मानणारा विचार आणि देह चिरडणारी सत्ता या दोहोंचा सामना या मातीने फार पूर्वी पाहिला आहे. मग हबशी कोटाकडे आपण परक्याच्या कबरी म्हणून का पाहावे?

माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे. आपल्या मुलांना घेऊन बीदरला जाल तेव्हा किल्ल्याबरोबर हबशी कोटही दाखवा. खुलताबादला जाल तेव्हा मलिक अंबराच्या कबरीपाशी घटकाभर थांबा. आणि मुलांनी विचारले, तर ज्ञात असेल तेवढे सांगा. नसेल तर गुरुजींप्रमाणे 'मला माहीत नाही, तू शोध' असे म्हणा.

गुरुजी, आपल्या प्रश्नाचे उत्तर आणावयास मला साठ वर्षांहून अधिक काळ लागला. हबशी म्हणजे कोण? ज्यांना आपली नावे आणि आपला देश हिरावून घेऊन येथे आणले गेले, ज्यांच्या हातांनी इतरांनी राज्ये केली, आणि ज्यांनी कधी तलवारीने, कधी पायांनी, कधी नुसते तगून राहून, हे हात आमचे आहेत असे सांगितले, ते आपलेच पूर्वज-शेजारी. उत्तर अपुरे आहे. पुढचे या शाळेतील एखादा विद्यार्थी शोधील.